रिकव्हरी पार्टिशन : उडवण्याआधी निदान प्रत तरी काढा

चौकस

‘सी ड्राइव्ह भरत आला आहे, काय करावे?’ या एका सदस्याच्या प्रश्नावर ‘नस्ती उठाठेव’ यांनी काल दिलेले उत्तर वाचून हा स्वतंत्र धागा काढावा लागत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा वेगळा भाग) म्हणजे कंपनीने अडवून ठेवलेली जागा असून ती डिस्कपार्ट या विंडोजमधल्या साधनाने बेधडक उडवावी, विंडोज काय, केव्हाही उतरवून घेता येते. प्रश्नकर्त्याने त्यांचे आभारही मानून टाकले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात कोणते पार्टिशन, हे त्यांनी विचारलेच नाही. विंडोज ७ आणि ८ च्या काळात कारखान्यातली संपूर्ण प्रतिमा, म्हणजे लॅपटॉपमध्ये सुरुवातीला असलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची नक्कल, ठेवलेले दहा-वीस जीबीचे पार्टिशन लॅपटॉपमध्ये असे. २०१५ साली विंडोज १० आल्यापासून ‘रीसेट’ची सोय चालू प्रणालीतल्याच फायलींवरून विंडोज पुन्हा उभे करते, त्यामुळे आता बहुतेक ठिकाणी हे पार्टिशन अर्ध्या ते एक जीबीचे असते आणि लॅपटॉप सुरू होईनासा झाला की येणारा निळा दुरुस्तीचा पडदा, म्हणजे विंडोज आरई, तेवढा त्यात असतो. ते उडवून सी ड्राइव्हच्या पदरात पडणार काय? काही कंपन्या मात्र आपले मोठे पार्टिशन अजूनही ठेवतात, आणि त्यात त्या मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपचे सुटे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअरे, असतात. जागा हवीच असेल तर ते काढायला माझी हरकत नाही, पण आधी त्याची प्रत बाहेर काढावी. विंडोजमध्येच ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ ही सोय आहे. तिच्यात सिस्टिम फायलींच्या चौकटीवर खूण करायची आणि किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा. इतके सोपे काम सोडून थेट डिस्कपार्ट सांगणे याला मी बेजबाबदारपणा म्हणतो.

नस्ती उठाठेव

बेजबाबदार ही पदवी साभार स्वीकारतो. विंडोज ८ पासून लॅपटॉपची उत्पादन-किल्ली, म्हणजे विंडोजचा परवाना-क्रमांक, मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये (चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल हे विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारे साधन घेऊन आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर कोरे विंडोज उतरवले की ते आपली आवृत्ती स्वतःच ओळखते आणि इंटरनेट मिळताच सक्रिय होते. हे सर्व फुकट आहे आणि ताजे आहे. याउलट आपण ज्या कारखान्यातल्या प्रतिमेची आरती ओवाळत आहात, ती लॅपटॉप बनला त्या वर्षीची असते. ती परत घातली की मुदत संपलेला अँटिव्हायरस, कुणी न मागितलेले गेम आणि पाठोपाठ अद्ययावतांची (अपडेटांची) रांग, असा सगळा गोतावळा परत येतो. एवढ्यासाठी पैसे मोजून घेतलेला पेनड्राइव्ह कपाटात का म्हणून अडकवायचा?

घाटमाथा

उठाठेव यांच्या घरी फायबरचे इंटरनेट आणि दुसरा संगणकही आहे, हे त्यांच्या प्रत्येक ओळीतून दिसते. माझ्या भाच्याचा लॅपटॉप ऐन परीक्षेच्या तोंडावर बसला तेव्हा तो गावी होता. कुणाकडून तरी विंडोज ११ चा पेनड्राइव्ह आणला, तर ‘विंडोज कोठे घालायचे?’ या पडद्यावर डिस्कची यादीच रिकामी. खाली ‘लोड ड्रायव्हर’ एवढाच दुवा. अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय अनेकदा विंडोजच्या मांडणी-कार्यक्रमाला एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दिसतच नाही, हे त्या पोराला कोण सांगणार? तो ड्रायव्हर मिळाला तर पुढच्या पायरीवर वायफायचा ड्रायव्हर नाही, आणि विंडोज ११ होम इंटरनेट जोडल्याखेरीज पुढे सरकू देत नाही. लॅपटॉप बारीक असल्यामुळे त्याला नेटवर्कच्या केबलचे छिद्रही नव्हते. कंपनीच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये हे दोन्ही ड्रायव्हर होते. पण ते आधीच कुणा ‘जाणकाराने’ जागा वाचवण्यासाठी उडवले होते.

नस्ती उठाठेव

मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले असते तर इंटरनेट मिळाले असते. व्हीएमडी बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये, बंद करता येते, निदान काही मॉडेलांत. भाच्याविषयी सहानुभूती आहे, परंतु एका भाच्यावरून सार्वत्रिक नियम करता येत नाही.

दुपारची झोप

भाच्याचे पार्टिशन कुणी उडवले असेल, ते मी न पाहता सांगतो : दुकानदाराने. आपल्याकडे लॅपटॉप जरा हळू चालू लागला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे एकच औषध मिळते. मी रीतसर बिल घेऊन विकत घेतलेला लॅपटॉप विंडोजच्या होम सिंगल लँग्वेज या आवृत्तीचा होता. बिजागरी दुरुस्त करायला दिला, तर परत आला तो विंडोज प्रो घालून, तेही चोरीचे, अँटिव्हायरस बंद केलेला, आणि सी, डी, ई असे तीन तुकडे पाडून. रिकव्हरी पार्टिशनचा मागमूस नाही. विचारले तर म्हणे, ‘साहेब, प्रो टाकून दिलंय, वर पैसे नाही घेतले.’ प्रोवरून होमवर परत यायचे तर पुन्हा कोरी मांडणी करावी लागते, म्हणजे माझ्याच हक्काच्या किल्लीसाठी मी पुन्हा हेलपाटे घालायचे. एकाच एसएसडीचे तीन तुकडे करण्याचे हे खूळ कधी जाणार आहे?

पेठेतला कारागीर

मी दुकानदार आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे शक्य नाही. चोरीचे विंडोज घालणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण डी ड्राइव्ह आम्ही हौसेने पाडतो हा शोध कुठून लावलात? दहापैकी नऊ गिऱ्हाइके लॅपटॉप उघडल्या उघडल्या ‘यात डी का नाही?’ असे विचारतात आणि नाही म्हटले तर शेजारच्या गाळ्यात जातात.

आता रिकव्हरी पार्टिशनविषयी. गिऱ्हाईक २५६ जीबीची एसएसडी काढून ५१२ ची बसवायला सांगते. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) केल्यावर मोकळी जागा शेवटी राहते, सी ड्राइव्ह अलीकडे, आणि मधोमध हे पार्टिशन पाचर मारून बसलेले असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ राखाडी दिसते, कारण लगतची जागा असल्याखेरीज ते चालत नाही. अशा वेळी आम्ही ते उडवतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चे केबी ५०३४४४१ हे अद्ययावत आले, तेव्हा या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नव्हते म्हणून घरोघरी त्रुटी दिसू लागली आणि पार्टिशन काढून मोठे कसे करायचे याची कृती खुद्द मायक्रोसॉफ्टला छापावी लागली. मग आम्हीच तेवढे गुन्हेगार का?

दुपारची झोप

शेजारचा गाळा चोरी करतो म्हणून आपणही करावी, या युक्तिवादाला माझा दंडवत. आणि तुकडे पाडल्याने डेटा सुरक्षित राहतो हा गिऱ्हाइकांचा समज कुणी पसरवला? एसएसडी गेली की सी, डी, ई एकाच वेळी जातात.

पेठेतला कारागीर

मी चोरी करतो असे मी कोठेही लिहिलेले नाही. वाक्य पुन्हा वाचा. आणि विंडोज बिघडल्यावर सी कोरा करावा लागतो तेव्हा डीमधले फोटो वाचतात, हे मी दर आठवड्याला पाहतो. घरात बसून टंकणाऱ्यांनी एकदा गल्ल्यावर बसून पाहावे.

चौकस

डी ड्राइव्हसाठी वेगळा धागा काढावा, ही दोघांनाही विनंती.

कारागीर यांचे एक म्हणणे मान्य : मधे अडकलेले पार्टिशन काढावे लागते. पण मायक्रोसॉफ्टची ती कृती ‘उडवा’ एवढी नाही. आधी प्रशासक-अधिकाराने ‘रीएजंटसी /डिसेबल’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे दुरुस्तीच्या पडद्याची विनआरई ही मूळ फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये परत येते. मग जुने पार्टिशन काढून नवे बनवायचे आणि ‘रीएजंटसी /इनेबल’ करायचे. ही पायरी गाळली की दुरुस्तीचा पडदा गेला. किती गाळ्यांत ती पाळली जाते?

शिवाय एक गैरसमज दोन्ही बाजूंना दिसतो. पार्टिशनची जशीच्या तशी प्रत एखाद्या क्लोनिंगच्या साधनाने बाहेरच्या डिस्कवर ठेवली, म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू होईल असे नाही. कंपनीची एफ११ किंवा ऑल्ट-एफ१० ही कळ आतल्या डिस्कवरचेच पार्टिशन शोधते. म्हणून सुरू होऊ शकणारा रिकव्हरी ड्राइव्ह ही एक गोष्ट आणि पार्टिशनची प्रत ही दुसरी. माझ्या मते नवा लॅपटॉप घेतल्यावर क्लोनझिला या क्लोनिंगच्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेर काढून ठेवावी आणि जोडीला रिकव्हरी ड्राइव्ह बनवावा. बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे साधन चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी, नाहीतर दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोहोचूनही तो आपल्याच फायलींपाशी अडवतो.

नस्ती उठाठेव

म्हणजे शेवटी संपूर्ण डिस्कची प्रतिमाच श्रेष्ठ ठरली, आणि ज्या पार्टिशनसाठी हा धागा निघाला ते तिच्यातला एक तुकडा! तरीही व्हीएमडीचा मुद्दा खरा आहे, आणि ड्रायव्हर आधी काढून ठेवा हे माझ्या उत्तरात यायला हवे होते असे कुणाला वाटत असेल, तर त्यांनी ते माझ्या उत्तराखाली खुशाल जोडावे. मी स्वतः रिकव्हरी ड्राइव्ह बनवणार नाही तो नाहीच.

अ-तांत्रिक

विषय फारसा कळला नाही, पण भीती वाटली. माझ्याकडे एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क आहे, तीत लग्नाचे आणि बारशाचे फोटो आहेत. तिच्यातच एक फोल्डर करून हा रिकव्हरी ड्राइव्ह ठेवला तर चालेल का?

चौकस

मुळीच नाही! ते साधन निवडलेला ड्राइव्ह संपूर्ण पुसते. त्यावर ३२ जीबीचे एफएटी३२ पद्धतीचे पार्टिशन बनवते आणि उरलेली जागा वापरात नसलेली म्हणून सोडून देते. फोटो जातील.

पेठेतला कारागीर

३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह घ्या आणि फोटोंची डिस्क काढून ठेवल्यावरच ते साधन चालू करा, म्हणजे यादीत चुकूनही तिचे नाव येणार नाही. काम पूर्ण झाल्यावर ‘डिलीट द रिकव्हरी पार्टिशन’ असा दुवा दिसला तर तिकडे न वळता ‘फिनिश’ दाबा. मग पेनड्राइव्हवरून एकदा लॅपटॉप सुरू करून पाहा. निळा पडदा आला की ‘टर्न ऑफ’ करा. ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’वर टिचकी मारू नका, त्याने सी कोरा होतो.