काम सुचतं कसं, जमतं कसं? आपापल्या सवयी सांगा

गोदाकाठ
परवा भाचीच्या कॉलेजात एकांकिकेची तालीम बघत बसले होते. दिग्दर्शक पोरगं एकाला म्हणालं, "नको म्हणायचंय ना? आधी करून दाखव, मग नको म्हण." आणि मला आमचा नांदेडचा युवक महोत्सव आठवला. अगदी हाच नियम होता आमच्यात. कुणी काही सुचवलं की वाद नाही, उठून एकदा करून बघायचं. संध्याकाळी लोडशेडिंग ठरलेलं, मग कंदिलाभोवती वाचन. चेहरे दिसायचे नाहीत, नुसता आवाज. कुठलं वाक्य पोकळ आहे ते लगेच कानाला कळायचं. म्हाताऱ्याचं काम करणारा मुलगा एकदा म्हणाला, हे भाषण बोलतच नाही, नुसती चप्पल शोधत बसतो. बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. त्यानं खाली वाकून, खाटेखाली हात घालून, चप्पल शोधली. पानभर भाषण तिथंच कापलं.
आता शेतकऱ्यांसाठी पुस्तिका करते. तिथंही कच्चं पान आधी भिंतीला, चर्चा मागून. तुमच्याकडं काय चालतं? घरचं, ऑफिसातलं, काहीही लिहा.

वाकळ
तालमीला खायला काय असायचं? आमच्याकडं सुशीला, म्हणजे भिजवून फोडणीला घातलेले चुरमुरे. पातेलंभर.

लातूरकर_माय
पाणी यायची वाट बघताना लिहिते मी. पहाटे नळाला नळी लावली की वही घेऊन ओट्यावर. टाकी भरेपर्यंत कुणी हाक मारत नाही. माझ्या निम्म्या कविता त्या वेळेतल्या आहेत.

चिंचबन
@लातूरकर_माय आता कितव्या दिवशी येतंय पाणी? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं ते आठवतंय का? पहिली गाडी एप्रिलमधली, दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. आम्ही स्टेशनला बघायला गेल्तो.

लातूरकर_माय
आठवतंय तर. त्या उन्हाळ्यात एक ओळ सुचली नाही बघा. डोक्यात नुसत्या घागरी.

पैठणवाली
आमच्या मागावर पदराला दोघी बसतो. मी आणि जाऊबाई. रंगागणिक वेगळी कांडी, मोराच्या मानेलाच चार-पाच लागतात. तिच्या बाजूचा मोर आणि माझ्या बाजूचा मोर सारखेच वर चढायला पाहिजेत, कारण फणी एकच, ठोका एकच. ती अडली तर मी पुढं जाऊच शकत नाही. म्हणून बसायच्या आधी दोघी मिळून कागदावरची नक्षी मोजून घेतो, तारा तोंडानं म्हणत. पैठणी उलटी केली तरी सुलटीसारखीच दिसावी लागते, मागं लपवायला जागाच नाही. दिवसाला बोटभर विणून झालं तरी चांगला दिवस. बाहेरून आलेले विचारतात, एवढं हळू कामून? ताई, घाई केली की तार तुटते, आणि मग ती जोडायला दुपार जाते.

हिंगोलीचे_गुरुजी
@पैठणवाली फार छान लिहिलंत, मुलांना वाचून दाखवतो. आमच्या शाळेत भित्तिपत्रिका निघते. पोरांना पहिला मजकूर नाव न घालता द्यायला सांगतो. सगळे मिळून वाचतात, खुणा करतात, नाव शेवटी. चौथीतली एक मुलगी वर्षभर गप्प असायची, तिची टाचणाएवढी गोष्ट सगळ्यांनी निवडली. नाव वाचलं तेव्हा तिचे कान लाल झालेले.

आयटी_नांदेड
पुण्यात आहे. टीममध्ये रोज पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं: काल काय, आज काय, अडलंय कुठं. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा, पण साहेब खुर्ची ओढून बसले की कुणी अडलंय म्हणत नाही. एकट्याचं काम असेल तर पोमोडोरो. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी शिकत असताना टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून सुरू केलं; पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला तरच जमतं.

वाकळ
आज्जीला असलं टायमर लागलं नाही. जात्यावर दोघी समोरासमोर, खुंट्याला दोघींचा हात. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची. पायली सरेपर्यंत माहेरचं सगळं बोलून व्हायचं.

धाराशिवची_लेक
सध्या दवाखान्यात आईजवळ आहे. रात्री चारोळ्या लिहिते फोनमध्ये, तेवढाच आधार. धागा वाचून बरं वाटलं.

गोदाकाठ
@धाराशिवची_लेक काळजी घे गं. जेवण करत जा वेळेवर. लिहिलेलं इथं टाक, आम्ही वाचतो.

चिंचबन
वाकळ, सुशीला नीट सांगा ना. आमच्याकडं गिच्च होतं.

वाकळ
चुरमुरे भिजवायचे आणि लगेच पिळून काढायचे, ठेवायचे नाहीत पाण्यात. फोडणीत कांदा, हिरवी मिरची, वरून दाण्याचं कूट. झाकण ठेवू नका.

हिंगोलीचे_गुरुजी
@पैठणवाली मुलांना माग दाखवायला घेऊन येऊ का?

पैठणवाली
या की गुरुजी. नाथांच्या वाड्यात जाऊन मग आमच्याकडं. फक्त दुपारी या, सकाळी नक्षी चालू असते, तेव्हा आम्ही दोघी तारांशिवाय कुणाशी बोलत नाही.