शब्बाथला रिक्षाने देवळात जावं की घरीच बसावं?

घोडबंदरकर : आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहतो ठाण्यात कासारवडवलीला. आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. शब्बाथला, म्हणजे आपल्या विश्रांतीच्या दिवशी, शनिवारी सकाळी टेंभी नाक्याच्या शाआर हाशमायिम सिनेगॉगमध्ये (आपल्या देवळात) जायचं, हा तिचा नेम. इतकी वर्षं रिक्षाने नेत आलो. गेल्या महिन्यात इस्रायलहून चुलतभाऊ आला आणि जेवणाच्या ताटावर म्हणाला, "काकी, यापेक्षा घरी बसलीस तर जास्त पुण्य लागेल." आईने घास खाली ठेवला. तेव्हापासून घरात शांतता आहे. तुम्ही काय करता?

दिमोनाची आत्या : भावाची बोलायची पद्धत वाईट, पण मुद्दा बरोबर आहे. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही हे तोरात, आपल्या धर्मग्रंथात, सरळ लिहिलंय (निर्गम ३५:३). इंजिन म्हणजे पेटता विस्तवच. शिवाय मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात. आपल्या रिवाजात बायका त्यात मोजत नाहीत आणि त्यांच्यावर सिनेगॉगला यायची सक्तीही नाही. म्हणजे जे करायची सक्ती नाही ते करायला, जे करायला मनाई आहे ते करायचं. हा कुठला हिशेब?

शनवारतेली : आत्या, तुमच्याकडे चार पावलांवर एक सिनेगॉग. इथे कोकणात अलिबाग, रेवदंडा, पनवेलला वास्तू उभ्या आहेत, पण दहा माणसं जमवताना प्रार्थना चालवणाऱ्या हाझानची दमछाक होते. ठाण्यातही सगळे सोसायट्यांमध्ये पांगलेत, कुणी घोडबंदरला तर कुणी कळव्याला. सगळ्यांनी चालतच यायचं ठरवलं तर दहा माणसं जमणार नाहीत आणि सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, कपाटातून बाहेर निघणार नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) १९५० साली हेच बघून फक्त सिनेगॉगला जाण्यापुरती गाडीला मुभा दिली. ते काय अडाणी होते?

दिमोनाची आत्या : अडाणी नव्हते. पण मुभा फक्त सिनेगॉगपुरती होती, आणि लोक गाडी घेऊन कुठे कुठे गेले ते त्यांच्यातलेच लोक पुढे बोलून दाखवत होते.
आणि नाव 'शनवारतेली' घेतलंयत म्हणून विचारते. गावातले लोक आपल्याला शनवार तेली का म्हणायचे? शनिवारी घाणा बंद म्हणून. मुंबईतली पहिली मशीद सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ ला बांधली. (हो, आपण सिनेगॉगला मशीदच म्हणायचो, मस्जिद बंदर हे नावही तिच्यावरूनच पडलं म्हणतात.) त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ना सिनेगॉग, ना हाझान, ना सेफेर तोरा. शेमाची प्रार्थना, सुंता, खवल्यांचेच मासे खाणं आणि बंद घाणा एवढ्यावर आपण टिकलो. इमारतीवर नाही टिकलो.

शनवारतेली : हे मात्र लागलं. तरी घाणा बंद ठेवणाऱ्याच्या शेजारी सगळा भाऊबंद राहत होता. आज सोसायटीत ज्यू घर एकच. आईने शनिवारी चार भिंतींत बसून टीव्ही लावला तर कुठला शब्बाथ पाळला?

पुण्याचा नातू : मध्येच बोलतो. रिक्षावाला ज्यू नाही, मग आपण कुठे विस्तव पेटवला, असं पुष्कळ जण म्हणतात. ते चालत नाही. जे आपल्याला मना, ते दुसऱ्याला आपल्यासाठी करायला सांगणंही मनाच आहे. सूट आहे ती जिवावर बेतलं तर, तिथे रिक्षा काय, स्वतः गाडी चालवा. भाडं शुक्रवारी आगाऊ दिलं तर पैसे हाताळायचा प्रश्न मिटतो, सीएनजीचा नाही. बगदादच्या योसेफ हायिम यांनी सायकलला एरुवच्या हद्दीत (शब्बाथला वस्तू नेता याव्यात म्हणून आखलेल्या हद्दीत) परवानगी दिली होती, बहुतेकांनी तीसुद्धा मानली नाही.
व्हीलचेअर ढकलत नेणं हा वेगळा प्रश्न आहे, एरुव नसेल तर त्यातही मतं दोन.

घोडबंदरकर : घोडबंदर रोडवर व्हीलचेअर? तुम्ही तो रस्ता पाहिलाय का? मेट्रोचं काम, खड्डे, कंटेनर. तिथे चालणाऱ्याच्याच जिवावर बेतेल, म्हणजे तुमच्या नियमाने आम्हाला रिक्षा माफ.

दिमोनाची आत्या : 😄 ही पळवाट रब्बींना विचारू नका.
खरं सांगू का? सगळ्यांनी तिचे गुडघे मोजले, तिला काय हवंय ते कुणी विचारलं?

घोडबंदरकर : काल विचारलं. म्हणाली, प्रार्थना मला घरीही येते. पण किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचं, मनुक्यांचं सरबत घेताना चार ओळखीची तोंडं दिसतात, आठवड्यात तेवढीच.

शनवारतेली : झालं की मग. रिक्षा बोलवा.

दिमोनाची आत्या : थांबा. तोंडंच बघायची तर शुक्रवारी दिवस असताना जाऊन जवळच कुणाकडे मुक्काम करता येईल. सकाळी दोन मिनिटं चालायचं, शब्बाथ संपला की रात्री परत. आमच्याकडे म्हातारी माणसं असंच करतात. टेंभी नाक्याजवळ कुणी नाही का?

घोडबंदरकर : चरईत मावशी आहे. एकटीच असते, आनंदाने ठेवून घेईल. पण चाळ जुनी आणि संडास इंडियन. आईला खाली बसता येत नाही.

पुण्याचा नातू : कमोडची खुर्ची मिळते मेडिकलवाल्याकडे. घडीची घ्या, मावशीकडेच राहू दे.

घोडबंदरकर : आईला सांगितलं. म्हणाली, "आधी मावशीला विचार, ती अजून घोरते का?"