साठ हजारांत गेमिंग पीसी: पैसे कार्डात घालायचे की सॉकेटात?

सातपूरचा सम्या

गेले तीन रविवार दुकानं पालथी घातली. खिशात दोन कोटेशनं आहेत आणि डोक्याचा भुगा झालाय. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. साठ हजारांच्या आत पीसी असेंबल करणाऱ्याने ‘पुढे अपग्रेड करता येईल’ हा विचार सोडून द्यावा. आज जे खेळायचंय त्याला पुरेल असं ग्राफिक कार्ड घ्यावं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवावं.

बजेट ६०,०००, मॉनिटर धरून. कीबोर्ड-माऊस आहेत. जुन्या आय३-८१०० पीसीमधल्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ (मागच्या पिढीच्या) रॅम आहेत.

पहिलं कोटेशन एएम४चं (एएमडीचं जुनं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा): रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि बी५५० मदरबोर्ड मिळून २०,०००, रॅम माझीच. दुसरं एएम५चं, म्हणजे नव्या सॉकेटचं: रायझन ५ ७५००एफ, बी६५० बोर्ड आणि नवी १६ जीबी डीडीआर५ मिळून ३९,०००. जुनी रॅम एएम५ला चालत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव काय झालेत ते सगळ्यांना माहीत आहे. एआयवाल्यांचे डेटा सेंटर सगळा माल उचलतायत आणि आपण इथे १६ जीबीसाठी घासाघीस करतोय.

फरक १९,०००. दुकानदार म्हणतो, ‘एएम५ घ्या भाऊ, फ्युचर प्रूफ आहे.’ माझं फ्युचर म्हणजे पुढच्या महिन्याचा बाईकचा हप्ता.

खेळणार १०८०पीवर (फुल एचडी): जीटीए ५, सायबरपंक, मित्र जमले की व्हॅलोरंट. बोला.

तिखट रस्सा

चुकतोयस भावा, आणि ठामपणे चुकतोयस.

२०१७ला मी रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड घेतला. तेव्हाही सगळे म्हणाले, इंटेल घे, चार फ्रेम जास्त मिळतील. २०२२ला त्याच बोर्डाचं बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि ५८००एक्स३डी हा गेमसाठीचा तगडा प्रोसेसर बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच, विंडोजसुद्धा तेच. याला म्हणतात सॉकेटात पैसे घालणं. तू आज ५६०० घेणार, तो २०२२चा प्रोसेसर. त्याच्या वर जायला एएम४मध्ये आता नवी पिढी येणार नाही, आणि एक्स३डीवाले मिळतील तर सेकंडहँड, तेही चढ्या भावात. एएम५ २०२२ला आलं आणि २०२७ पर्यंत व त्यानंतरही चालवू, असं एएमडीने स्वतः सांगितलंय.

तीन वर्षांनी तुला बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही एकदम बदलावं लागेल. तेव्हा हा धागा आठवेल.

शिवाय व्हॅलोरंट प्रोसेसर खातो, कार्ड नाही.

सातपूरचा सम्या

तुझा १६०० ते ५८००एक्स३डीचा प्रवास छान आहे, पण एक्स३डी काय प्रसादात मिळाला होता? पाच वर्षांत तू दोनदा पैसे घातलेस. मीही घालेन, फक्त दुसऱ्या वेळी.

आता माझा हिशोब बघ. मॉनिटर ७,५००, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४,०००, कॅबिनेट ३,०००, ५०० जीबी एसएसडी ४,५००. झाले १९,०००. एएम४ घेतलं तर कार्डाला २१,००० उरतात, त्यात आरएक्स ६६०० बसतं. एएम५ घेतलं तर उरतात २,०००. दोन हजारांत लग्नाची कार्डं छापून मिळतात, तीही शंभरच.

तिखट रस्सा

कार्ड वर्षभराने घे. ७५००एफच्या जागी ८६००जी घे, त्यात रेडिऑन ७६०एम ग्राफिक आतच आहे. जीटीए ५ आरामात चालतो, व्हॅलोरंट तर पळतो. पगारवाढ झाली की कार्ड टाक. घर बांधताना पाया आधी घालतात.

सातपूरचा सम्या

पाया घालून वर्षभर तंबूत राहायचं का? आणि ८६००जी ७५००एफपेक्षा महाग आहे, ते दोन हजारही त्यातच जातील. त्यावर सायबरपंक लावून दाखव, मग बोलू.

जुना मदरबोर्ड

दोघंही वेडे आहात. आय३-८१००च्या बोर्डावर आठव्या-नवव्या पिढीचे मोठे प्रोसेसर बसतात. सेकंडहँड आय७-८७०० शोध, आरएक्स ६६०० लाव, चांगला एसएमपीएस घाल. चाळीस हजारांच्या आत विषय संपला. नवीन पीसी कशाला?

सातपूरचा सम्या

काका, बोर्ड मेलाय. पावसाळ्यात गॅलरीचं पाणी आत आलं. म्हणून तर हा सगळा घाट.

जुना मदरबोर्ड

हे आधी सांगायचं ना राव.

पंचवटी एक्सप्रेस

रोज मुंबईला अपडाऊन करतो, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला अधूनमधून चक्कर होते. माझं म्हणणं, सम्याचं तत्त्व बरोबर आहे पण कार्ड चुकीचं. ६६००ला ८ जीबी मेमरी आहे आणि नव्या गेमांना ती कमी पडायला लागली आहे. सेकंडहँड आरटीएक्स ३०६० घे, १२ जीबीवालं. तेवढ्याच पैशात टेक्श्चर (चित्रातले बारकावे) हायवर ठेवता येतील.

देवळालीकर

सेकंडहँड कार्डाचा धडा मी पैसे मोजून शिकलोय, म्हणून मध्ये पडतो. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (त्याला ग्राफिक कार्डं दिवसरात्र जुंपलेली असायची) २०२२च्या सप्टेंबरात बंद झालं आणि ट्रकभर कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातलंच एक माझ्या नशिबी आलं. विकणारा म्हणाला, ‘घरात वापरलेलं आहे, फक्त गेमसाठी.’ घरात होतं हे खरं, पण त्या घरात अशी किती कार्डं होती ते बोलला नाही. चार महिन्यांत एक पंखा घरघरायला लागला, नंतर स्क्रीनवर हिरवे चौकोन. बिल नव्हतं, त्यामुळे वॉरंटीचा प्रश्नच नव्हता.

ज्याच्याकडे साठच हजार आहेत त्याने जुगार खेळू नये. दोन लाखवाल्याने खुशाल खेळावा.

पंचवटी एक्सप्रेस

म्हणून तर समोर बसून अर्धा तास फरमार्क (कार्डावर ताण टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून बघायचं, तापमान बघायचं, पंखे ऐकायचे, मूळ बिल मागायचं. बिल नसेल तर उठून यायचं. डोळे मिटून घेतलंत आणि नाव सेकंडहँडचं खराब केलंत.

नुसताच वाचक

इंटेलच्या आर्क बी५८०चं कोणीच नाव घेत नाही? नवं कोरं, १२ जीबी, वॉरंटीसकट. थोडे पैसे वाढवले की झालं. सम्याची ‘पैसे कार्डात’ ही थिअरी मानायची तर हेच उत्तर.

तिखट रस्सा

धन्यवाद वाचक, तुम्ही माझंच काम केलंत. बी५८०ला ताकदवान प्रोसेसर लागतो. २०२५च्या जानेवारीतच परीक्षणं करणाऱ्यांनी दाखवून दिलं की ५६००सारख्या प्रोसेसरबरोबर हे कार्ड काही गेममध्ये चांगलंच मागे पडतं, कारण त्याच्या ड्रायव्हरचा बराच भार प्रोसेसरवर येतो. रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर आणखी वाईट. म्हणजे सम्या, कार्ड मोठं घ्यायला गेलास की तुझा स्वस्त प्रोसेसर आडवा येतो. पैसे कार्डात घाला हे वाक्य एवढं सरळ नाही.

सातपूरचा सम्या

हा मुद्दा मान्य. बी५८० माझ्या डोक्यात होतं, ते काढलं. पण यातून एवढंच निघतं की ५६००ला ६६०० शोभतं. त्यासाठी एएम५ घ्यायला हवं असं कुठे निघतं?

ओझरची ताई

मध्येच विचारते, राग मानू नका. मुलगा पुढच्या वर्षी इंजिनियरिंगला पुण्याला जाईल. त्यालाही असाच पीसी हवाय. एवढ्या पैशात लॅपटॉप नाही का येत?

देवळालीकर

ताई, होस्टेलला जाणार असेल तर लॅपटॉपच घ्या. गेम थोडे कमी चालतील, पण सुट्टीला येताना एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन बसावं लागणार नाही.

नाशिकरोडचा दुकानदार

इतका वेळ गप्प वाचत होतो. एएम४ घ्या, एएम५ घ्या, मला दोन्ही विकायचे आहेत. पण या अख्ख्या धाग्यात एसएमपीएसला एक शब्द मिळालाय, ‘४,०००’. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गेमिंग पीसींचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

परवाचंच सांगतो. एक मुलगा कॅबिनेट घेऊन आला. गेम सुरू केला की पाच मिनिटांत मशीन बंद. दुसरीकडून असेंबल केलेलं, कार्ड आरएक्स ६६००च. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेला. बाहेर काढून त्याच्या हातात दिला आणि शेजारी एक चांगला ठेवला. म्हटलं, वजन कर. फ्रीवाला पावाच्या लादीसारखा हलका. मग लेबल वाचायला लावलं. वर ठळक अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. आता गुणाकार करा: १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचंही जेवण त्याच १२ व्होल्टच्या ताटातून. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॉट घेतं, ५६०० भर जोरात ७६ वॉटपर्यंत जातो. झाले २०८. पंखे, बोर्ड, एसएसडी अजून बाकीच आहेत. आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं ती वेगळीच.

तेव्हा लेबलवरचा मोठा आकडा वाचू नका, १२ व्होल्टची ओळ वाचा. ८० प्लस ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालावर थोडा तरी भरवसा आहे असं समजा.

आणखी एक. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर खोदकाम चालू आहे. समोर काच असलेलं दिव्यांचं कॅबिनेट घेऊ नका. जाळीचं घ्या, आत फिल्टर हवा, महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असताना काचेच्या पेटीत कार्ड कोंडायचं म्हणजे त्याची भट्टी लावणं.

पंचवटी एक्सप्रेस

दुकानदार महागडाच एसएमपीएस सांगणार, यात नवल ते काय.

नाशिकरोडचा दुकानदार

साहेब, एसएमपीएसवर मला जे सुटतं त्यापेक्षा जळका बोर्ड बदलून देण्यात जास्त सुटतं. तरी सांगतोय.

द्राक्षबाग

निफाडहून बोलतोय. आमच्याकडे लाईट जाताना सांगून जात नाही आणि येताना झटका देऊन येते. माझी एक एसएसडी त्यातच गेली. सम्या, तुझ्या हिशोबात यूपीएस नाही. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटचा असतो. तुझा ५६०० आणि ६६००चा संच त्यात भागतो, पण लाईट गेल्यावर खेळत बसायचं नाही. सेव्ह करून बंद करायचं. आधी दुकानात खात्री करून घे, चांगल्या एसएमपीएसचं आणि स्वस्त यूपीएसचं कधीकधी जमत नाही. लाईट गेली की यूपीएस असून मशीन बंद.

(थंडीत आमच्याकडे कूलिंगचा प्रश्न नाही. खिडकी उघडली की झालं.)

तिखट रस्सा

बघ, यूपीएस आला. आता कार्डातले पैसे कापणार की एसएसडीतले?

सातपूरचा सम्या

मॉनिटरातले. बहिणीकडे जुना २२ इंची पडून आहे, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं). वर्षभर तोच वापरतो. ७,५०० सुटले, त्यात यूपीएस येईल आणि एसएमपीएससाठी थोडे वाढवता येतील.

तिखट रस्सा

६० हर्ट्झवर व्हॅलोरंट? देवा! मग तेच ७,५०० एएम५मध्ये घाल की.

सातपूरचा सम्या

अजून ११,५०० तू देतोस का?

तिखट रस्सा

नाही. पण निदान पैसे वाचवायला बी५५० सोडून ए५२०वर उतरू नकोस. ६६००ला आठच पीसीआयई लेन (कार्ड आणि बोर्डामधल्या वाटा) आहेत. ए५२०वर त्या जुन्या पीसीआयई ३.०च्या वेगाने चालतील. फरक थोडाच पडतो, पण उद्या तू चार लेनवालं एखादं ६५०० एक्सटी उचललंस तर रडत येशील. आणि तुझ्या रॅमचा वेग किती? २६६६? ५६००ला ३२००ची हवी.

सातपूरचा सम्या

२६६६चीच आहे. आहे त्यात भागवतो. बी५५० पक्का. ६५०० एक्सटी फुकट दिलं तरी नको, चारच जीबी आहे त्यात.

दुकानदार साहेब, रविवारी सकाळी उघडं असतं का?

नाशिकरोडचा दुकानदार

अकरानंतर या. रॅम सोबत आणा. पाण्यात भिजलेल्या मशीनची आहे, आधी दुसऱ्या बोर्डावर लावून तपासू, मगच बाकीचं खोलू. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने हलक्या हाताने पुसून आणा, ब्लेडने खरवडू नका. बिल जीएसटीचं पक्कं देईन, प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर त्यावर लिहून घ्या. मी विसरलो तर मला आठवण करा.

सातपूरचा सम्या

खोडरबर भाचीच्या कंपासपेटीतून उचललाय. ती रडतेय.

तिखट रस्सा

रॅम मेलेली निघाली तर मला फोन कर, आपण एएम५वर परत बोलू. तोवर धाग्याची खूण ठेवलीय, २०२९ला वर काढतो.