गोळीबार चालू असताना शेतकरी नवीन शेती का करेल?

पलासियाकर:
सरळ मुद्द्यावर येतो. ‘क्लायमेट-स्मार्ट’ शेती म्हणजे उत्पन्न वाढावं, बिघडलेल्या पावसात पीक टिकावं आणि जमेल तिथे कार्बन कमी सुटावा, संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संस्था एफएओ 2010 च्या आसपासपासून हेच सांगतेय. पण बुर्किना फासो, येमेन, अफगाणिस्तानसारख्या हिंसेने पोळलेल्या ठिकाणी शेतकरी हे घेत नाहीत म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘जागृती कमी आहे, ट्रेनिंग द्या’. मला हे मुळीच पटत नाही. आपल्या इंदूरशेजारी देवासला 2006 नंतर शेतकऱ्यांनी कर्ज काढून स्वतःच्या शेतात हजारो तळी खोदली, ती का? बोअर आटले होते हे खरंच, पण जमीन आपली आहे आणि पुढच्या रब्बीला इथे आपणच असणार ही खात्रीही होती ना. ही खात्रीच नसेल तर दहा वर्षांनी फळ देणारं झाड कोण लावेल? आधी जमिनीचा हक्क आणि मंडीपर्यंतचा सुरक्षित रस्ता, तंत्र नंतर.

सांवेरचा_शेतकरी:
दादा, म्हणजे शांतता येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? बुर्किना फासोच्या उत्तरेला याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने 1980 च्या दशकात जुनी ‘झाई’ पद्धत सुधारून पुन्हा उभी केली, 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पावसाआधी कडक जमिनीत वीतभर खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, वाळवी येऊन माती पोकळ करते, पहिला पाऊस तिथेच मुरतो आणि त्यात ज्वारी-बाजरी पेरायची. डिझेल नको, बोअर नको, आणि कोणी लुटून नेईल असं शेतात काही नसतंच.

पलासियाकर:
काम मोठंच आहे, पण ते सुरू झालं तेव्हा तिथे आजच्यासारखी हिंसा नव्हती. 2015 नंतर हल्ले वाढत गेले आणि 20 लाखांवर माणसं घरदार सोडून गेली. खड्डे छावणीत नेता येत नाहीत. आणि गुरं विकली किंवा लुटली गेली तर शेण कुठून आणणार? कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ आपल्याच गावची, 1924 ते 1931 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने इथे बसवलेली, पण त्यांच्यामागे होळकर दरबाराने दिलेली 300 एकर जमीन होती.

मल्हारगंजची:
हक्काच्या बाबतीत पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरचं उदाहरण बघा, मारादी आणि झिंदरकडचं. आधी कायद्याने झाड सरकारचं, तोडलं तर दंड, म्हणून शेतकरी उगवलेला फुटवा नांगरून टाकायचे. पुढे झाड आपलं मानता यायला लागलं तसे ते जुन्या बुंध्यांचे फुटवे राखायला लागले, आणि साधारण 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, तीही रोपं न लावता!

छत्रीबागवाला:
माफ करा, पण तुमच्या दोघांच्या म्हणण्याला अफगाणिस्तान आडवं येतं. हेल्मंदमध्ये युद्ध, वाळवंटातली जमीन, कागद नाहीत, तरी 2013 नंतर सोलर पंप हजारोंनी लागले आणि शिकवायला कोणी गेलं नव्हतं. डिझेल महाग होतं आणि पंपाचे पैसे एक-दोन हंगामांत सुटत होते, बस. त्यावर अफू पिकली आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं हेही खरं. येमेनमध्येही 2015 नंतर डिझेलची टंचाई झाली आणि लोक सोलरकडे वळले, साना खोऱ्यातलं पाणी तर त्याआधीपासूनच उतरत होतं. म्हणून शेतकरी तंत्र घेत नाही हे म्हणणंच चुकीचं आहे, त्याला परतावा लवकर पाहिजे, आणि पाणी किती उपसायचं याला लगाम घालणारं तिथे कोणी नसतं, माझ्या मते खरी अडचण ती.

मल्हारगंजची:
आणि बियाण्याचं कोणीच काढलं नाही. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेची मोठी बीज बँक होती, युद्धामुळे तिथलं काम बंद पडलं आणि 2015 मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बीज-तिजोरीतून स्वतःच ठेवलेलं बियाणं परत मागवावं लागलं, त्या तिजोरीतून बियाणं काढायची ती पहिलीच वेळ. मोठ्या संस्थेची ही गत, मग मडक्यात बी जपणाऱ्या बाईने पळताना काय उचलायचं? माझं ठाम मत आहे की परत आलेल्या कुटुंबाला आधी रोख पैसे द्या म्हणजे ती बाई जवळच्या बाजारातून तिच्या ओळखीचं बी घेईल, बाहेरून ट्रकने अनोळखी बियाणं आणून वाटू नका.

पलासियाकर:
रोख मदतीला पूर्ण पाठिंबा ताई. छत्रीबागवाले, लवकर परतावा हे मान्य, पण पंप खोलून गाडीवर टाकता येतो, बांध आणि झाडं नेता येत नाहीत, माझा हक्काचा आग्रह त्यांच्यासाठी आहे. पटवारीचा कागद नसेल तर गावाने बसून लिहून द्यावं की हा तुकडा ह्याचा, पाच वर्षं कोणी हात लावणार नाही, आणि तिथून सुरू करावं.

सांवेरचा_शेतकरी:
गावाने लिहून दिलं तरी बटाईवर कसणाऱ्याचं काय? मालक परत आला आणि सुधारलेली जमीन बघून म्हणाला सोड, तर? पळून आलेले पुष्कळ लोक दुसऱ्याच्याच जमिनीवर पेरतात. त्यांना झाईसारखं एका हंगामात दाणा देणारं काम आत्ता शिकवा, कागदाची वाट बघायला लावू नका, कारण पाऊस काही कागदासाठी थांबणार नाही आणि त्यांच्या पोरांना ह्याच वर्षी खायचंय.