मदत हवी आहे: पीएसडी फाइलमधला मराठी मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला तीन आठवड्यांवर आली आहे. निमंत्रणपत्रिकेची पीएसडी फाइल आमच्याच एका कार्यकर्त्याने काही वर्षांपूर्वी फोटोशॉपमध्ये केली होती. वक्त्यांची नावं, विषय आणि तारखा तो दरवर्षी बदलून द्यायचा. आता तो नोकरीसाठी परगावी आहे. वाचनालयाच्या संगणकावर फोटोशॉप नाही, म्हणून मी जिंप २.१० हे चित्रसंपादनाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं.

जिंपमध्ये फाइल उघडते, लेयर वेगवेगळे दिसतात, पण मजकुराचा प्रत्येक लेयर म्हणजे नुसतं चित्र. टेक्स्ट टूलने क्लिक केलं की नवाच चौकोन तयार होतो. मग ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. तिथे मजकूर मजकूर म्हणूनच उघडला, अक्षरंही नीट दिसत होती. एका नावात कर्सर ठेवून एक अक्षर खोडलं आणि सगळी ओळ इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची झाली.

जुनी मांडणी सगळ्यांना आवडते, ती मोडायची नाही. आणि यंदाचं भागवून थांबायचंही नाही. पुढच्या वर्षी जो कोणी हे काम करेल त्याला तारीख बदलताना असं अडायला नको. छापखान्यात फोटोशॉप आहे, त्यांना काय द्यावं?

प्रतिसाद १

तुमच्या दोन अडचणींची कारणं वेगळी आहेत.

जिंप २.१० पीएसडीतले टेक्स्ट लेयर पिक्सेल करूनच आत घेतं. त्यातून पीएसडी म्हणून बाहेर काढतानाही तेच होतं. मजकूर जिवंत राहतो तो जिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये.

फोटोपीत जे झालं ते फाँटमुळे. जुना मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत). त्यात 'क' साठवलेलाच नसतो. एखाद्या रोमन अक्षराच्या जागी 'क'चा आकार बसवलेला असतो. फाइलमध्ये लेयरचं आधीचं चित्रही जपलेलं असतं, म्हणून हात लावेपर्यंत ओळ ठीक दिसते. बदल केला की ती नव्याने रचली जाते, आणि तो फाँट तुमच्याकडे नाही. फोटोपीच्या कॅरॅक्टर पॅनेलमध्ये फाँटचं नाव बघून इथे सांगा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक त्याच फाँटकुळाचा लागतो, दुसऱ्याचा वापरलात तर जोडाक्षरं चुकतील.

धागाकर्ता

पाहिलं. नाव श्री-देव असं सुरू होतं, पुढे आकडा आहे. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर. आता जुना मजकूर परिवर्तित करत बसू की सरळ नवा टाइप करू?

प्रतिसाद २

एका पत्रिकेत मजकूर असतो किती? नवा टाइप करा. परिवर्तनानंतर प्रत्येक रफार तपासावाच लागतो, आणि वक्त्याचं नाव चुकीचं छापून गेलं तर फार वाईट वाटतं.

मी असं केलं असतं: फोटोपीत मजकुराचे लेयर बंद करून फक्त पार्श्वभूमी मूळ आकारात पीएनजी म्हणून काढायची. ती जिंपमध्ये उघडून वर मुक्ता किंवा नोटोसारख्या मोफत युनिकोड फाँटमध्ये मजकूर लिहायचा. पार्श्वभूमी आणि नवा मजकूर यांच्यामध्ये जुन्या मजकुरासकट पत्रिका तात्पुरती फिकट करून ठेवली की प्रत्येक ओळ जागच्या जागी बसवता येते. जिंपमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात. 'दुसऱ्या'मधला ऱ्य आवर्जून बघा. तो 'र्य' होऊन वर रफार गेला तर टाइप करताना चूक झाली आहे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी निवडा. फाँटमध्ये ते आकार असले तर येतात.

एक्ससीएफ आणि फाँटची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, शेजारी सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येही. छापखान्याला ३०० डीपीआयची सपाट पीएनजी द्या, म्हणजे त्यांच्याकडे फाँट नसला तरी अक्षर हलणार नाही.

प्रतिसाद १

छापखान्याने त्यांच्याकडेच मजकूर टाकायचं म्हटलं तर एक लक्षात ठेवा. फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षरामागे गेली किंवा पाय मोडलेले दिसले तर फाँट बदलत बसू नका. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी हा पर्याय असतो, तो निवडायचा. आधी लिहिलेल्या लेयरना तो आपोआप लागू होत नाही. प्रत्येकाला पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर द्यावा लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पार्श्वभूमी काढली, पहिल्या दिवसाचा मजकूर मुक्तामध्ये बसलासुद्धा. फाइल बंद करून पुन्हा उघडली, तारीख बदलून पाहिली, बदलते! मात्र मुक्ता जुन्या फाँटपेक्षा रुंद आहे, विषयाची लांब ओळ चौकटीबाहेर जाते. अक्षरांचा आकार कमी न करता बसेल असा जरा अरुंद युनिकोड फाँट कुणाला माहीत आहे का?