समुद्र नाही, तरी हंगेरी पुढे कशी?
हंगेरीला समुद्रच नाही, मग कयाकिंगमध्ये, म्हणजे अरुंद होडीत बसून दुहेरी पात्याच्या वल्ह्याने वल्हवायच्या खेळात, हे लोक इतके पुढे कसे, असा प्रश्न पडतो. कयाकच्या वेगाच्या शर्यतींना लाटा नकोतच, संथ सरळ पाणी हवं. ते त्यांच्याकडे आहे. डॅन्यूब, तिसा या नद्या आहेत आणि सेगेद शहरात खास शर्यतींसाठी बांधलेला जलमार्ग. तिथे १९९८, २००६, २०११ आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धा झाल्या.

हंगेरीची कयाकपटू दानुता कोझाक हिचा उल्लेख करायलाच हवा. रिओ ऑलिंपिकमध्ये तिने एकेरी, दुहेरी आणि चौघींची अशा तिन्ही कयाक शर्यती जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये हे करणारी ती पहिलीच स्त्री. एकूण ऑलिंपिक सुवर्णं सहा!

पण मला सर्वांत जास्त आठवतो तो ग्यॉर्गी कोलोनिच. गुडघ्यावर बसून एकाच बाजूने वल्हवायच्या कनूमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेला हा माणूस बीजिंग ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी, जुलै २००८ मध्ये, सरावातच गेला. वय अवघं ३६. त्याचा जोडीदार कोझमान नव्या साथीदाराबरोबर उतरला आणि कांस्य घेऊन आला. हंगेरीच्याच अटिला वॉयदाने तिथलं कनू एकेरीतलं सुवर्ण कोलोनिचलाच अर्पण केलं. आजही ते आठवलं की गळा दाटून येतो.