मदत हवी आहे : मुंबई विद्यापीठातील वाणिज्य विद्याशाखेची सुरुवात

मुंबई विद्यापीठातील वाणिज्य शिक्षणाच्या इतिहासावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून एका मुद्द्यावर माझे काम अडले आहे. विद्यापीठ १८५७ सालचे. मुंबईतील सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले आणि १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, इथपर्यंतचा क्रम माझ्याकडे पक्का आहे. मात्र बी. कॉम. ही पदवी सुरू होणे, महाविद्यालय स्थापन होणे आणि विद्यापीठात वाणिज्याची स्वतंत्र विद्याशाखा अस्तित्वात येणे या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि बहुतेक लेखांत त्या एकच समजून लिहिल्या जातात, हे मला फार खटकते.

महाविद्यालयाचे स्मरणग्रंथ आणि वृत्तपत्रांतील लेख मी वाचले आहेत. त्यांत विद्याशाखेचा उल्लेख ओझरताच येतो. एका ग्रंथालयात विद्यापीठाची जुनी वार्षिक कॅलेंडरे (नियम व माहितीची पुस्तके) मिळाली, परंतु नेमक्या हव्या त्या खंडाची शिवण उसवून अधिनियमांची पानेच गळाली आहेत. इंग्रजी कागदपत्रे वाचायला अडचण नाही. मुंबईबाहेर राहत असल्याने अभिलेखागारात मात्र मला एकदाच, दोन दिवसांसाठी जाता येईल.

वाणिज्याची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन करण्याचा ठराव शोधण्यासाठी सिनेटची (विद्यापीठाच्या अधिसभेची) इतिवृत्ते आधी पाहावीत की सरकारच्या शिक्षण खात्याच्या फायली, आणि ती पाहण्यासाठी आगाऊ लेखी परवानगी लागते का?